लंकेला जाण्याआधीची भिंत

२९ मार्च, रविवार

ही वही माझी नाही, मनालीची आहे. तिला संस्थेनं प्रवासात लिहायला दिली, तिनं सोफ्यावर टाकली, मी उचलली. चांगल्या जाड कागदाची वही, तिच्यावर चहाचा कप ठेवायचा म्हणजे काय? मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पाचवीच्या वर्षी घरात म्हैस आली. तेव्हा अक्षराला कोणी नावं ठेवू नयेत. तसंही कोणाला वाचायला देणार नाही.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक प्रश्न छापलाय. पहिलाच असा: ‘आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात?’

अरुणा, म्हणजे आमच्या सूनबाई, आज आमटीत मीठ घालायला विसरल्या नाहीत, त्याबद्दल.

आता प्रवास कोणता ते लिहिते. मनाली माझी नात, माझ्या लेकाची, बाबासोची एकुलती एक. वीस वर्षांची. मे महिन्यात श्रीलंकेला चाललीय. फिरायला नाही, घरं बांधायला. तिथं डोंगरात दरड कोसळून चहाच्या मळ्यातल्या मजुरांची घरं गेली, ती हे बांधून देणार. बारा दिवस, चौदा पोरंपोरी. मजुरी नाही, वर विमानाचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. मी आयुष्यात पुष्कळ मुकादम पाहिले, पण बिगाऱ्याकडूनच भाडं घेणारा हा पहिला.

पूर्वी आपल्याकडून एकानं जाऊन सगळी लंका जाळली होती. आता हे चौदा जण भरपाई करायला निघालेत.

मी म्हटलं, “मनाली, तू जेवल्यावर ताट उचलत नाहीस. तिथं विटा कोण उचलणार?”

“आज्जी, तुला नाही कळणार. काहीतरी परत द्यायचं असतं ना गं समाजाला.”

“मग माझा पितळी डबा परत दे आधी. डिसेंबरात नेलायस.”

१ एप्रिल, बुधवार

सामान आलं. हातमोजे, गुडघ्याला बांधायच्या गाद्या, उन्हाचं मलम, डोक्यावर पिवळी टोपी. मी चौदा वर्षं घमेलं वाहिलं. वाशी, कोपरखैरणे, घणसोली. पलीकडच्या सेक्टरातली चार मजल्याची बिल्डिंग माझ्या डोक्यावरून वर गेलीय, आणि डोक्यावर काय, तर फाटक्या लुगड्याची चुंबळ. मलम कोणी लावलं नाही म्हणून काळी झाले असेन.

आज लिफ्टमध्ये ३०२ वाल्यांनी बाबासोला विचारलं, मुलगी बांधकामाला जातेय म्हणे? बाबासो हसला. म्हणाला, “रक्तातच आहे. आमचे वडील त्याच लाइनीत होते. काँट्रॅक्टर.”

मी भाजीची पिशवी धरून मागंच उभी होते.

मालक वारले तेव्हा गवंडी होते. मेल्यावर काँट्रॅक्टर झाले. जित्यापणी एवढी प्रगती झाली असती तर माझे गुडघे वाचले असते.

बाबासोला नावं ठेवत नाही. साइटवर साडीच्या झोळीत वाढलेलं पोर, सिमेंटच्या गोणीवर झोपायचं. शिकला, खुर्चीतली नोकरी लागली, फ्लॅट घेतला. फ्लॅटात आल्या दिवशी मी आये होते ती आई झाले. सोसायटीत आये बरं दिसत नाही म्हणे.

६ एप्रिल, सोमवार

‘आज तुम्ही नवीन काय शिकलात?’

मी नाही, बाकीच्यांनी शिकायचंय.

संस्थेचा नियम असा, की जायच्या आधी चाळीस तास हातानं बांधकाम करून दाखवायचं. कागदावर सह्या लागतात. म्हणून काल पोरांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सरावाची भिंत घातली. पुढारी निशांत. इंजिनियरिंगला आहे, उंची माडासारखी, हात गुडघ्यापर्यंत. एका हातात मोबाइल धरून त्यात बघायचा आणि दुसऱ्या हातानं वीट ठेवायचा. कमरेएवढी भिंत झाली. मग सगळ्यांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढले.

आज सकाळी मी दूध आणायला खाली उतरले आणि वरच्या थरातली एक वीट दोन बोटांनी उचलली. शंकरपाळ्यासारखी सुटी निघाली. मग दुसरी काढली, मग तिसरी. निशांत धावत आला.

“आजी, आजी, काय करताय?”

“तुझी भिंत घडी घालून ठेवतेय. विटा भिजवल्या होत्यास का?”

“भिजवायच्या असतात?”

ह्याचं शेवटचं वर्ष आहे. पुढं हा पूल बांधेल.

मी सांगितलं, कोरडी वीट तान्ह्या पोरासारखी असते, सिमेंटच्या मालातलं पाणी सगळं ओढून घेते. माल कोरडा पडला की धरत नाही. विटा रात्रभर पाण्यात पाहिजेत. आणि सांध्यावर सांधा आणलायस तो वेगळाच, भिंत उभी चिरत जाईल. पोरं आपली तोंड उघडून ऐकत होती. मनाली म्हणाली, “आज्जी, हे तू कधी सांगितलं नाहीस.” तू विचारलंस कधी? तुम्हाला मी फक्त पापड लाटताना ऐकू येते.

दुपारी सेक्रेटरी आले. धूळ उडते, गाड्या खराब होतात, पुन्हा इथं काही बांधायचं नाही. पोरांची तोंडं पडली. बांधायला जागा नाही म्हणजे चाळीस तास नाहीत, तास नाहीत म्हणजे लंका नाही.

मी म्हटलं, जागा मी दाखवते.

का म्हटलं कोण जाणे. जिभेला हाड नाही.

९ एप्रिल, गुरुवार

तळवली गावात गेले. रस्ता ओलांडला की पोचलोच, तरी दोन महिन्यांत गेले नव्हते.

तिथं बाळाबाई राहते. तिनं आणि मी एका दिवशी घमेलं उचललं, एका दिवशी सोडलं. तिचा नवरा देवजीशेठच्या बापाकडं राखणदार होता. म्हाताऱ्यानं चाळीच्या मागं एक खोली तोंडी दिली, मरेपर्यंत राहा म्हणाला. नवरा मेला, म्हातारा मेला, बाळाबाई काही मरत नाही. गेल्या पावसाळ्यात खोलीची दाराकडची भिंत बसली आणि बाजूच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग गेली. तेव्हापासून पुढं निळं प्लास्टिक. एका डोळ्यात मोतीबिंदू. प्लास्टिकच्या आत बसून सगळ्या जगाला सांगते, मला काही कमी न्हाई.

“सुंदरे, तुझं काय काम हितं?”

“तुझ्याकडं काही नाही. देवजीकडं आलेय.”

देवजीशेठ ह्या चाळीचा मालक. जमिनी गेल्या, पैसे आले, चाळी उठल्या. वाईट माणूस नाही. भिंत बांधतो म्हणाला होता, दिवाली झाली का. कुठली दिवाळी ते तेवढं विचारायचं राहिलं. अंगणात त्याची पांढरी गाडी उभी, आमच्या हॉलपेक्षा मोठी.

मी म्हटलं, “देवजीशेठ, कॉलेजची पोरं आहेत. परदेशात घरं बांधायला चाललीत, सराव करायचाय. तुमच्या आवारात एखादी भिंत बांधून बघू दे?”

“परदेशान? मंग बांधू दे. पन माजे गारीला धक्का लागला नाय पायजे.”

“बाळाबाईच्या जुन्या भिंतीच्या जागीच बांधतील. म्हणजे तुम्हाला काही नवी अडचण नको.”

“बरा होईल,” म्हणाला. भिंत फुकट येतेय म्हटल्यावर दिवाळी आधी आली.

पोरांना मी काही सांगितलेलं नाही. सराव म्हणजे सराव. त्यांना घर बांधायला लंका लागते, उगाच तळवली सांगून हिरमोड कशाला?

११ एप्रिल, शनिवार

माळ्यावरून मालकांची गवंडीकामाची थापी काढली. स्टुलावर चढले म्हणून अरुणा ओरडली.

थापी चांगली राहिलीय. एवढ्या वर्षांत गंजून जायला हवी होती, पण पात्याला खोबरेल तेलाचा वास येतो. आणि गुंडाळलीय कशात, तर बाबासोच्या ऑफिसच्या निळ्या शर्टात. तो शर्ट मागल्या वर्षीपर्यंत घालत होता. चांगला शर्ट फाडून चिंधी केली. सूनबाईंना कशाची किंमत नाही.

मालक मला थापीला हात लावू देत नसत. साइटवर बाईनं माल कालवायचा, घमेलं वाहायचं, पाणी मारायचं. बाईनं थापी धरली की भिंत वाकडी जाते, असं सगळे गवंडी म्हणायचे. चौदा वर्षं मी खाली उभी राहून वर बघितलं. मान अजून दुखते.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी सातला चौदाच्या चौदा हजर. विटा रात्रीपासून बाळाबाईच्या पिंपात भिजत होत्या. सिमेंटची दोन पोती जास्त आलीत, रेतीही दुप्पट. मी निशांतला म्हटलं, एका सरावाच्या भिंतीला एवढं लागतं? म्हणाला, असू दे आजी, लागेल. ह्यांना अंदाज म्हणून नाही.

आधी भेगाळलेली भिंत उतरवली. पुढचं जोतं खचलेलं, ते उकरून पुन्हा भरायचं होतं. मागच्या भिंतीपासून खोली सात हात. मला वाकता येत नाही, म्हणून मी निशांतला म्हटलं, तू मोज.

“आजी, टेप आहे ना.”

“आमच्या वेळी टेप मुकादमाच्या खिशात असायची. कोपरापासून बोटापर्यंत एक हात. असे सात.”

त्यानं मोजले. दोरी लावली. जोत्यात दगडांचा डबर भरला.

मग पहिला थर. मनाली माल टाकून वीट ठेवायची, वीट खाली जायची, ती पुन्हा उचलायची. असं तीनदा झालं. मला बघवेना. “सर तिकडं,” म्हटलं आणि थापी काढली.

काही विशेष नाही. वीट ती वीट. माल पसरला, वीट बसवली, थापीच्या मुठीनं दोन ठोके दिले, वर आलेला माल कापला. मग दुसरी. बाळाबाई प्लास्टिकच्या आतून म्हणाली, “अगं बया, सुंदरी गवंडी झाली. आता भित वाकडी जाणार.” म्हटलं, तुझ्या एका डोळ्याला सरळच दिसेल.

दुपारपर्यंत कोपरा मांडीपर्यंत आला. ओळंबा सोडून बघितला. दोरी विटेला चिकटून सरळ खाली.

मालक आज जिवंत असायला हवे होते. दाखवलं असतं.

संध्याकाळी बाबासोनं दारातच विचारलं, “आई, हाताला काय लागलंय?”

“मेंदी.”

“तू तळवलीत बिगारी काम करतेस? लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, काँट्रॅक्टरची बायको आहे.”

त्यावर तो आत गेला. जेवताना भात जास्त घेतला मात्र.

१५ एप्रिल, बुधवार

पाणी मारलं. सकाळ-संध्याकाळ. गुडघा सुजलाय.

‘आज तुम्ही कोणाला हसवलंत?’ बाळाबाईला. मी पाय घसरून चिखलात बसले.

१९ एप्रिल, रविवार

भिंती डोक्यावर गेल्या. बाजूची पूर्ण, दाराकडची चौकटीची जागा सोडून. आठवड्यात पोरं मधल्या दोन संध्याकाळी पण आली. मी बोलावलं नव्हतं. मनालीच्या तळहाताला फोड आलेत. दाखवत नाही, पण चमच्यानं जेवते.

संध्याकाळी देवजीशेठ बाहेरून गाडी घेऊन आला आणि अंगणात वळवायला लागला. पुढं घेतली, मागं घेतली, पुन्हा पुढं. मग खाली उतरला.

“आये, यो काय केलाव? भित पुढं कशी आली? माजी गारी कय लावू?”

खरंच हातभर पुढं आली होती. मी म्हटलं, सात हातच सांगितले होते. आता पोराचे हातच असे, त्याला मी काय करू? निशांत बिचारा आपल्या कोपराकडं बघत राहिला.

“मना काय नाय मायीत. पुढल्या आयतवारपरंत भित मांगं घ्या. नायतं मी मान्सां लावून पारतंव.”

“पाडा की. तुमच्याच बापानं दिलेली जागा.”

“आये, बापावर जाव नको.”

भिंत मागं घ्यायची म्हणजे जोत्यापासून पुन्हा. तेवढे दिवस नाहीत, तीन तारखेला विमान आहे. बाळाबाई बाहेर येऊन भिंतीला हात लावून उभी राहिली. ओल्या विटेचा वास घेत होती. म्हणाली, “राहू दे सुंदरे. प्लास्टिक बरं आसतंय, वारं येतंय.”

घरी येताना मनाली म्हणाली, “आज्जी, खरं सांग. हात मुद्दाम निशांतचे घेतलेस ना?”

“मला वाकता येत नाही.”

“काल बाथरूममध्ये वाकून तीन चादरी धुतल्यास.”

पोरीला नको तिथं डोळे आहेत. बाळाबाईची खोली आधी पाय लांब केले की चुलीला लागतील एवढी होती. म्हणून मी काही मुद्दाम केलं असं नाही. आणि केलं असेल तर आता काय उपयोग? सरावाच्या नावाखाली मी एका म्हातारीला फुकट आशा लावली. आता ती भिंत पडलेली दुसऱ्यांदा बघणार.

२२ एप्रिल, बुधवार

३०२ वाल्यांनी किचन तोडलं. आमच्या सोसायटीत लोक घरात राहत नाहीत, घर तोडत राहतात. जिन्यात सागाची अख्खी चौकट दारासकट टाकलेली. वॉचमनला म्हटलं, ही उद्यापर्यंत इथं दिसली तर सेक्रेटरी तुला विचारतील. तोच घाबरून रिक्षाच्या टपावर बांधायला आला.

चौकट बघताना डोक्यात एक आलं. लिहून ठेवत नाही. झालं तर लिहीन.

२६ एप्रिल, रविवार

झालं.

सगळ्यांना ठाऊक आहे, घराची चौकट पुजल्याशिवाय बसवत नाहीत. साइटवर पंधरा मजले असू देत, पहिल्या चौकटीला हळदकुंकू, नारळ, आंब्याचं डहाळं. कितीही मोठा बिल्डर असो, तेवढ्यापुरता चपला काढतो. आणि पुजलेली चौकट उपटायला मजूर मिळत नाही. दुप्पट मजुरी द्या, तरी नाही.

पण पूजा करायला सवाष्ण पाहिजे. मी विधवा, बाळाबाई विधवा, मनालीचं लग्न नाही. चौदा वर्षं आम्ही डोक्यावरून घरं वाहिली तेव्हा देवाला चाललं, पण हळदीचं बोट लावायचं तर नवरा जिवंत पाहिजे. देवाचा नियम देवाला ठाऊक. मी त्याचा उपयोग करते.

सकाळी साडेसातला देवजीशेठच्या बायकोकडं गेले. भागीरथीबाई. देवजी कालच्या एका लग्नाच्या हळदीहून पहाटे आलेला, आत घोरत होता. भिंती हलत होत्या, म्हणजे त्याच्या.

म्हटलं, “भागीरथीबाई, चौकट बसवतोय. आम्ही दोघी अशा. तुमच्यासारखी भाग्याची बाई आवारात असताना बाहेरून कोणाला आणायचं?”

ती म्हणाली, “थांब, लुगरा बदलतंव.” नथ घालून आली. सगळी चाळ गोळा झाली. तिनं चौकटीला हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं. पोरांनी चौकट उभी केली, मी दोन्ही बाजूंनी विटा चढवल्या. कोणीतरी गाणं धरलं. निशांतनं हातमोजे काढून हात जोडले. त्याला वाटलं हा सरावाचाच भाग आहे.

साडेअकराला देवजीशेठ डोळे चोळत बाहेर आला.

“यो काय?”

“परसाद खा,” भागीरथीबाई म्हणाली आणि त्याच्या हातावर खोबरं ठेवलं.

“अगो, पन गारी...”

“मीनी पूजलीय चौकट. आता हात लावशील तं माजे हलदीला लावशील. लाव.”

देवजीनं तिच्याकडं बघितलं, चौकटीकडं बघितलं, मग जमलेल्या पंचवीस माणसांकडं. खोबरं खाल्लं. म्हणाला, “मीच बोल्लू व्हतू, भित पुढं घ्या म्हनून. आजीला जागा नको का?”

गाडी आता आडवी लावतो.

मी बाळाबाईकडं बघितलं नाही. तिनं नाक पदरात शिंकरलेलं ऐकलं तेवढंच. नारळाचं पाणी सांडलं होतं, म्हणून मी खाली बघत होते.

१ मे, शुक्रवार

सुट्टी. जुने पत्रे वर चढवले आणि बाहेरून प्लॅस्टर मारलं. चाळीस तास कधीच संपले होते, निशांत म्हणतो चौऱ्याऐंशी झाले. मी म्हटलं, मग आज कशाला आलात? मनाली म्हणाली, “आज्जी, आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. सरावाच्या भिंतीला कोणी जोतं भरतं का?”

म्हणजे मला वेड्यात काढलं. सिमेंटची जास्तीची पोती आत्ता समजली.

दुपारी बाबासो गाडी घेऊन आम्हाला न्यायला आला. उतरणार नव्हता, पण उतरला. इस्त्रीची पँट, पायात चामड्याचे बूट, ते चिखलात नेमके पडू नयेत म्हणून बदकासारखा चालत. भिंतीपासून दहा पावलांवर थांबला. एक डोळा मिटून बघितलं.

“वरचा थर डावीकडं गेलाय,” म्हणाला. “अर्धं बोट.”

मी ओळंबा सोडला. अर्धं बोट.

त्याला बाळाबाई म्हणाली, “बाबू, वळखलंस का? माझ्या मांडीवर हागलायस तू.” सगळी पोरं हसली. बाबासोनं इकडंतिकडं बघितलं. मग वाकून तिच्या पाया पडला, आणि गाडीत जाऊन बसला.

३ मे, रविवार

मनाली गेली. विमानतळावर गेले नाही, तिथं उभं राहायला काय ठेवलंय?

बॅग भरताना थापीकडं बघत होती. तिला वाटलं, आजी आता डोळ्यात पाणी आणून थापी हातात देणार. मी म्हटलं, “ती माझी आहे. तिथं दुसरी मिळेल.”

“बरं बाई.”

“आणि तिथल्या बायकांना फक्त घमेलं देत असतील, तर आधी एकीच्या हातात थापी दे. मग फोटो काढ.”

गळ्यात पडली. मलमाचा वास येत होता.

प्लॅस्टरला उन्हाळ्यात दहा दिवस पाणी लागतं. नाही मारलं तर तडे जातील, आणि पावसात सगळं पोपडे होऊन पडेल. म्हणजे देवजी, चौकट, पूजा, सगळं फुकट. आता पोरं नाहीत, बाळाबाईला बादली उचलत नाही. मी आहे.

५ मे, मंगळवार

काल पाणी मारून येताना गुडघा गेला. डॉक्टर म्हणतात, आठ दिवस जिना उतरायचा नाही. आमची लिफ्ट पण आजच बंद. लिफ्टवाल्यांना कोणी मुहूर्त काढून दिला कोण जाणे.

अरुणाला म्हटलं, तू जाऊन मार. म्हणाली, आई, ऑडिट चालू आहे. बाबासोला म्हणण्यात अर्थ नाही.

दोन वेळ उन्हात प्लॅस्टर कोरडं पडलं असेल. लिहवत नाही.

७ मे, गुरुवार

राहवेना. अरुणा ऑफिसला गेली, तशी काठी घेऊन कठड्याला धरून बसत बसत चार मजले उतरले. रिक्षा केली.

भिंत ओली होती. खाली डबकं होतं. वरपासून खालपर्यंत नीट भिजलेली, एक कोपरा कोरडा नाही.

बाळाबाईला विचारलं. म्हणाली, “अंधारातच कोणतरी येतंय. मला काय दिसतंय? मी म्हणते कोण हाय, तर म्हणतंय झोपा.”

दुसरं कोण असणार? देवजीशेठ. बायकोच्या हळदीची लाज वाटली असेल. मी त्याच्या दारात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला बरं बोलले. तो जरा गोंधळला. मग म्हणाला, “हां मंग, आपलाच घर हाय, पानी तं मारायलाच पायजे.” बघा, माणूस ओळखायला मी चुकते कधीकधी.

१० मे, रविवार

मनालीचा फोटो आला. चहाच्या मळ्यातली एक बाई, माझ्याच वयाची, माझ्याहून काळी, हातात थापी. दात काढून हसतेय. बाजूला विटा पिंपात भिजतायत. मनालीनं खाली लिहिलंय, हिची भिंत तुझ्यापेक्षा सरळ आहे. खोटं.

वहीत आता एकच प्रश्न उरलाय. ‘ह्या प्रवासात तुम्हाला कोणाची मदत झाली? त्यांची नावं लिहा.’ प्रवास मनालीचा, मी कुठं गेलेच नाही. पण पान कोरं कशाला ठेवा? भागीरथीबाई. निशांतचे हात. देवजीशेठ, नाइलाजानं. एवढीच.

बाबासोचं ह्या आठवड्यात काय चाललंय कळत नाही. रोज पहाटे पाचला बाहेर पडतो. चालायला जातो म्हणे, डॉक्टरांनी सांगितलंय. चालायला कोणी ऑफिसचे बूट घालतं? त्यांच्यावर पांढरे-करडे शिंतोडे पडलेत, चामडं वाया गेलं. अरुणाला म्हटलं, नवऱ्याच्या बुटांकडं लक्ष दे, ती नुसती हसली. रात्री तो ताटावरच पेंगतो.

आजही जेवता जेवता डोळे मिटत होते. मध्येच डोकं वर करून म्हणाला,

“आये, प्लॅस्टरला पाणी सात दिवस की दहा?”

म्हटलं, “उन्हाळा आहे. दहा.”

“मग उद्याचा एक राहिला,” म्हणाला आणि भात कालवायला लागला.

आये म्हणाला. बाल्कनीचं दार सताड उघडं होतं, ३०२ वाले खालीच राहतात. ऐकू गेलं असेल.